तवा दाखवलेलं बी

आमच्या इंझोरीत माझ्यावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. मी शाळेचा मास्तर. शाळेच्याच खोलीत एका कपाटात गावचं पोस्ट, तेही माझ्याकडे. आलेली पत्रं वाचून दाखवणार मी, जाणारी लिहून देणार मी. असल्या माणसावर कोण विश्वास ठेवील? मीही ठेवला नसता. पण संशय कशाला म्हणतात ते मला शिकवलं सोजरबाईनं. तिची गोष्ट सांगतो ती तिला नावं ठेवायला नव्हे. त्या भानगडीत माझेही हात बरबटलेले आहेत, तेव्हा मला सोवळा समजू नका.

त्रेपन्न साली सोजरबाई पन्नाशीला आलेली असेल. उंच, काटक, बोलताना डोळे बारीक करायची सवय. तिचं घर माझ्या घराला लागून, मधे एकच भिंत. मी तिला काकू म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची आणि अरेतुरे करायची, कारण माझं वाहतं नाक तिनं पाहिलेलं होतं. नवरा बबनराव, मुलगी तुळसा चार वर्षांची असताना तापानं गेला. मागं आठ एकर वावर. वर्ष उलटलं नाही तोच सख्खा दीर मदतीला म्हणून नांगर घेऊन आला आणि मदत करता करता त्यानं धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, तीन हात आत सरकवला. बाईनं पावलं मोजून चोरी पकडली. तेव्हापासून दर शुक्रवारी ती धुरा पावलांनी मोजायची. दीर मेल्यावरही मोजायची. मी एकदा म्हटलं, "काकू, आता कोन सरकोते?" तर म्हणाली, "त्याचे पोरं हायेत ना."

बाहेरून घरात येणारी कुठलीही वस्तू ती तपासल्याशिवाय घेत नसे. बियाचं तर विचारूच नका. कुणाकडूनही बी आलं की त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीमागं ठेवायची आणि मोड मोजायची. एकदा सख्ख्या भावानं शिरपूरहून ज्वारीचं बी आणलं. भाऊ ओसरीवर पाणी पीत बसलेला आणि ही त्याच्यासमोरच फडकं भिजवतेय. भाऊ न जेवता उठून गेला. दहापैकी नऊ उगवले, हे तिनं मला मागाहून सांगितलं. "एक काहून नाई उगवला?" हेही विचारलं.

नाल्याच्या काठाला तिच्या वावरात अर्ध्या एकराची एक पट्टी होती. तिथं ओल टिकायची. पावसाळा सरला की त्या पट्टीत ती वाटाणा पेरायची. तो एका जातीचा नव्हताच. पांढऱ्या फुलाचा होता, जांभळ्या फुलाचा होता. गोल दाण्याचा, सुरकुतलेल्या दाण्याचा, हिरवट, करडा, ठिपक्यांचा. बुटका होता आणि काट्यांच्या कुपावर, म्हणजे कुंपणावर, चढणाराही होता. गावातले शहाणे म्हणायचे, बाईला बी निवडायचा कंटाळा. कंटाळा कसला? प्रत्येक जातीचं बी ती वेगळ्या गाडग्यात ठेवायची आणि पेरायच्या दिवशी आपल्या हातानं एकत्र करायची. "पानी कमी पडलं तं हे पिकन, जास्त पडलं तं ते पिकन. सारे मिळून काई मले धोका देत नाई," असं तिचं म्हणणं. झाडांवरसुद्धा बाईचा भरवसा नव्हता, म्हणून ती एकावर विसंबायची नाही.

त्यातली एक जात तिची खास. फूल जांभळं, दाणा बारीक, करडा, अंगावर काळे ठिपके. तिला ती सावळी म्हणायची. माघात वाटाण्यावर भुरी येते. पानांवर राख उडवल्यासारखा पांढरा थर चढतो आणि शेंगा भरायच्या आत झाड वाळून जातं. दर दोन-तीन वर्षांनी गावचा वाटाणा भुरीनं जायचा, पण सावळीला भुरी शिवायची नाही. सोजरबाई माघात पट्टीत फिरायची, हिरव्यागार राहिलेल्या झाडांना लुगड्याच्या चिंध्या बांधायची आणि फक्त त्याच झाडांचं बी पुढच्या वर्षाला ठेवायची. वीस वर्षं तिनं हे केलं. सासूनं दिलेल्या मूठभर बियाचं तिनं असं जपून गाडगंभर केलं होतं.

ते बी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्या घराची एक रीत होती. कुणी बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, दारी आलेल्याला बी नाकारणं वाईट. पण घरचं बी दुसऱ्याच्या वावरात जिवंत जाऊ द्यायचं नाही, गेलं तर घरची बरकत त्याच्यामागं जाते. म्हणून बी द्यायचं, पण आधी त्याला तवा दाखवायचा. मंद विस्तवावर तवा ठेवायचा, दाणे हातानं फिरवत राहायचे आणि रंग बदलायच्या आत उतरवायचे. दाणा दिसायला तसाच चकचकीत, आतून मेलेला. सासूनं ही कला शिकवली आणि सोजरबाईचा हात सासूच्याही वर गेला. अर्ध्या गावानं तिच्याकडून सावळी नेली होती. कुणाचीच उगवली नाही. लोक म्हणायचे, त्या नाल्याच्या मातीतच काहीतरी आहे. मला मात्र भिंतीपलीकडून तव्याचा वास यायचा, म्हणून मला ठाऊक होतं.

त्रेपन्न सालच्या माघात गोपीचंद आला. हा शेतकी खात्याचा कामदार, म्हणजे सायकलवर गावोगाव हिंडून सरकारी बियाण्याची माहिती देणारा माणूस. खांद्याला कापडी पिशवी आणि हातात वही. ती वही पाहिली आणि गाव आतून बंद झालं. लढाईच्या वर्षांत असाच एक वहीवाला येऊन गेला होता. घरोघर चहा पिऊन, किती पिकलं आणि किती ठेवलं हे गोड बोलून लिहून नेलं. पंधरा दिवसांनी साहेब आला, शिपाई आले, आणि वहीत होतं तेवढं धान्य लेव्ही म्हणून गाड्यांत भरून गेलं. सोजरबाईचं तेवढं वाचलं. तिनं ज्वारी अंगणातल्या जुन्या पेवात, जमिनीतल्या कोठारात उतरवली होती आणि वर गोवऱ्यांचा ढीग रचला होता.

सकाळी ती माझ्याकडे आली. "मास्तर, वटान्याच्या पट्टीपाशी कोनी उभं हाय. मले वाटलं ढोर घुसलं, हाकलाले गेली तं मानूस निंगाला. घंटाभर झाला, नुस्ता फुलं पाहून राह्यला."

"पाहू द्या ना, काकू."

"फुकट कोनी पाहत नाई. तू चाल. तो घरी येईन, तवा साक्षीले बस."

तो आला. ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "मावशी, तुमचा वटाना लय भारी हाय."

सोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मावशी म्हणून राह्यला, म्हणजे याले काहीतरी पायजे, असा त्या नजरेचा अर्थ. आणि तिचं खरंच होतं, त्याला हवंच होतं. त्याच्या बोलण्यातून कळलं ते असं. नागपूरकडे सरकारचं एक संशोधनाचं शेत होतं. तिथं टपोऱ्या दाण्याचा एक वाटाणा तयार केलेला होता, पण त्याला भुरी फार.

"आमचं सारं शेत एकसारखं," गोपीचंद म्हणाला. "एक झाड भुरीनं मेलं म्हंजे सारे मरते, कारन सारे एकाच गुनाचे. तुमच्या पट्टीत सतरा तऱ्हा हायेत. रोग आला तरी त्याइतलं काही ना काही वाचते. त्या जांभळ्या फुलाच्या झाडाले तं भुरी शिवलीच नाई, मी पान उलटं करून पाह्यलं. मले त्याचं मूठभर बी पायजे."

"मूठभर घेऊन काय करसान?"

"त्याचं अन् आमच्या टपोऱ्याचं लगीन लावू. कळी उमलाच्या आंधी चिमट्यानं उघडाची, तिच्यातले केसर काढून टाकाचे, अन् या जांभळ्या फुलाचे केसर तिथी लावाचे. त्या शेंगेतलं बी पेरलं का काही झाडं टपोऱ्या दान्याचेबी राहतीन अन् भुरी न येनारेबी. ते निवडत जावाचे. असं गावोगावचं बी आमी जमा करून राह्यलो. कोनाचं बी उद्या गेलं, तं आमच्याकडे राह्यलेलं त्याले परत भेटन."

सोजरबाईनं डोळे बारीक करून त्याच्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोतंभर मांगनारा मले समजते. मूठभर मांगनाऱ्याचं पोट कुठी असते, ते समजत नाई." आणि उठून आत गेली.

गोपीचंदला ते हो वाटलं. तो वहीत लिहीत बसला: गाव, घर, पट्टी, फुलाचा रंग. मी डोकावलो तर त्यानं पान झाकलं. खरं सांगतो, मला राग आला. गावचं पोस्ट माझ्याकडे, आणि हा कोण टिकोजीराव माझ्यापासून पान झाकतो? तेवढ्यात आतून तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं वासही आला, भाजल्याचा नव्हे, नुसत्या गरम दाण्याचा. गोपीचंद म्हणाला, "मावशी चहा ठेवून राह्यली वाटते." मी म्हटलं, "असंन."

ती कागदाची पुडी घेऊन बाहेर आली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, वर सोजरबाईचं नाव लिहिलं आणि पिशवीत अगदी आतल्या कप्प्यात ठेवली. मी गप्प बसलो. तिच्या बाजूनं होतो म्हणून नव्हे, त्यानं पान झाकलं होतं म्हणून. इतक्या क्षुल्लक कारणानं माणूस गप्प बसतो, आणि मग ते गप्प बसणं जन्मभर निस्तरतो.

वर्षानं, चोपन्नच्या फाल्गुनात, त्याचं पत्र आलं. मी तिला वाचून दाखवलं. 'आपल्या पुडीतील एकही दाणा उगवला नाही. बहुधा प्रवासात पिशवी उन्हात राहिली, चूक माझी आहे. कृपा करून पुन्हा थोडं बी पोस्टानं पाठवावं.'

"चूक माझी म्हनते?" सोजरबाई चपापली.

"हो."

"सरकारचा मानूस चूक माझी म्हनते, म्हंजे यात नक्की काई हाय." आणि तिनं दुसरी पुडी आणून दिली, तीही तवा दाखवलेली. मी तिकीट लावलं, शिक्का मारला आणि मेलेलं बी सरकारी थैलीतून रवाना केलं. या वेळी रागाचंही निमित्त नव्हतं. सवय झाली होती.

श्रावणात दुसरं पत्र आलं. दुसरी पुडीही उगवली नव्हती. 'आता दिवाळीनंतर मी स्वतः साहेबांना घेऊन आपल्याकडे येतो. झाडं आणि बी जागेवरच पाहू.' एवढंच दोन ओळींचं पत्र, पण सोजरबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाह्य मास्तर. आंधी वही, मंग साहेब. मी म्हनत नव्हती?"

"काकू, तो बियासाठी येऊन राह्यला."

"तेच तं म्हनून राह्यली मी. गाडगंच उचलून नेतीन."

त्याच संध्याकाळी तिनं सावळीचं गाडगं, आणि बाकीच्या जातींचीही सगळी गाडगी, अंगणातल्या पेवात उतरवली. तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर गोवऱ्या. लेव्हीच्या वेळी पेवानं वाचवलं होतं, आताही वाचवेल असं तिला वाटलं. पण तेव्हा उन्हाळा होता आणि धान्य महिनाभरच आत होतं. हे तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. त्या वर्षी भाद्रपदात आठ दिवस झड लागली. जमीन पाण्यानं फुगली.

दिवाळीनंतर पेरणीसाठी तिनं पेव उघडलं, तेव्हा हाक मारून मला बोलावलं. कडेला उभा राहिलो तर आंबूस वाफ नाकात शिरली. गाडगी वर काढली. बी मऊ होऊन बुरशीनं एकमेकांना चिकटलेलं. सावळीच्या गाडग्यात तिनं हात घातला आणि मूठ वर काढली तर बोटांमधून काळा चिखल गळला. तिनं सगळा चिखल सुपात पसरला आणि एकेक दाणा बोटानं चिरडून पाहिला. दुपार झाली तरी ती चिरडतच होती. एकही घट्ट निघाला नाही. चुलीमागच्या फडक्यात तिनं दहा दाणे बांधले, तेही सडले.

"गोपीचंदकडे," मी म्हणायला गेलो आणि थांबलो. त्याच्याकडे काय होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. गावातल्यांकडे काय होतं तेही माहीत होतं. मग मला एकदम आठवलं. "काकू, तुळसाकडे असंन ना. लग्नात तिले पायलीभर सावळी देल्ली होती तुमी. ओटीतच घातली होती."

तुळसा, तिची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांमागं शेलूबाजारला दिली होती. जावई जानराव, सासू धुरपताबाई. सोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. सूप झटकत म्हणाली, "तिलेबी तवा दाखोला होता."

मला ऐकूनसुद्धा खरं वाटेना. "पोटच्या पोरीले?"

"पोट माह्यं होतं. घर त्याइचं होतं."

मला इतका संताप आला की मी उठून घरी आलो. तासाभरानं ती मागोमाग आली, शाईची दौत स्वतःच माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "लिही. तुले देल्लं बी उगवलं होतं का, खरं सांग." लिहून झालं तरी ती उठेना. "कवा कवा तवा कमी तापते, मास्तर," ती म्हणाली. वीस वर्षं आपल्या हाताचा तोरा मिरवलेली बाई, तो हात एकदा तरी चुकला असावा म्हणून आस लावून बसली होती.

पत्राचं उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी तुळसा स्वतः आली. कारंज्याला मोटार बदलून, एकटी. मी ओसरीवरच होतो. ती आली ती आईच्या पायांवर डोकं ठेवून रडायलाच लागली.

"आई, मले माफ कर. तुह्यं बी मी मारलं."



"पयल्या वर्षी मी सरता धरला," तुळसा सांगू लागली. तिफणीमागं चालत सरत्याच्या नळीतून बी सोडणं हे आमच्याकडे बायांचं काम. "सारी पट्टी पेरली, एक झाड नाई निंगालं. सासू म्हने दुसऱ्या वर्षी पाहू. दुसऱ्या वर्षीबी नाई. मंग सासू म्हने, बी तं तुह्या मायच्या घरचं नावाजलेलं, मंग हातच वांझ हाय. तवापासून मले सरत्याले हात लावू देत नाई. गावात कोनाच्या पेरनीले बलावत नाई. लेकरू नाई झालं, तं त्याचंबी हेच म्हनते. तुले कोन्या तोंडानं सांगू? तू एवढं जपलेलं बी, अन् मी मातीत घातलं. हे पाह्य, एवढं राखून ठेवलं होतं. कवा तरी तुह्या हातानं पेरसीन म्हून."

तिनं कमरेची पिशवी सोडली. आत मूठभर सावळी. करडे दाणे, काळे ठिपके, सहा वर्षं तश्शीच चकचकीत.

मी सोजरबाईकडे पाहत होतो. ती गप्प बसू शकली असती. मी बोललो नसतो, मला गप्प बसायची सवय होती. पण तिनं मुलीचे हात धरून तिला वर उठवलं आणि म्हणाली, "तुह्या हाताले काही झालं नाई. म्या तवा दाखोला होता."

तुळसाला कळायला वेळ लागला. या घरात वाढलेली पोर, तवा दाखवणं म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ते आपल्याही बाबतीत होईल हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं हात सोडवून घेतले. "सा वर्सं मी माह्या हाताले शिव्या देल्ल्या, आई," ती म्हणाली, आणि उठून विहिरीकडे तोंड धुवायला गेली. त्यानंतर दोन दिवस ती माहेरी होती, पण आईशी एक शब्द बोलली नाही.

सोजरबाईनं माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं, गोपीचंदला. दोन्ही पुड्या मेलेल्या होत्या, मी जाणूनबुजून दिल्या, माझं सारं बी आता गेलं, साहेबाला आणू नका. खाली मी माझ्या मनानं एक ओळ घातली: मला हे माहीत होतं. मग ती म्हणाली, "आता शेलूबाजारले चाल. तू साक्षीले पायजेस." मी शाळेला तीन दिवस सुट्टी दिली आणि तुळसाला घेऊन आम्ही निघालो.

धुरपताबाई ठेंगणी, जाड भिवयांची, तोंडानं तिखट बाई. सोजरबाईनं तिच्या अंगणात, शेजारणी ऐकत असताना, सगळं सांगितलं. धुरपताबाईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाली, "लेकीसाठी माय खोटं बोलन. मीबी बोलली असती." मी साक्ष द्यायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तू तिच्याच गावचा हायेस." झालं माझं काम.

मला वाटलं, सोजरबाई भडकणार. पण तिला राग आला नाही. "मीबी मानली नसती," ती म्हणाली. "तुमच्या कोठीतला वटाना काढा. तुमच्या हातानं."

धुरपताबाईनं आपल्या कोठीतला पांढरा टपोरा वाटाणा आणला, दोन मुठी. तवा तिचा, चूल तिची. सोजरबाईनं तिच्या डोळ्यांदेखत एक मूठ तव्यावर फिरवली आणि उतरवून दुसऱ्या मुठीशेजारी ठेवली. धुरपताबाईनं दोन्ही मुठी उजेडात नेऊन पाहिल्या, शेजारणींनी पाहिल्या, मीही पाहिल्या. कुणाला फरक सांगता येईना. मग धुरपताबाईनं दोन्ही फडक्यांत स्वतः बांधल्या, तवा दाखवलेल्या मुठीला खुणेचा लाल दोरा, स्वतः भिजवल्या आणि स्वतःच्या पेटीत ठेवून किल्ली कमरेला खोचली. दोघी एकमेकींकडे अशा पाहत होत्या की मला वाटलं, यांचं गोत्र एकच असावं.

तीन दिवस लागले. लेकीला मूल झालं नाही तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमची रीत. सोजरबाई देवळाच्या ओसरीवर राहिली, विहिरीवरून आपलं पाणी आपण शेंदायची आणि बरोबरची कोरडी भाकर खायची. मी तिथल्या मास्तराकडे उतरलो होतो. रोज सकाळी ती त्या अंगणात येऊन बसायची आणि तुळसा तिच्या समोरून घागर घेऊन जायची. दोघी बोलायच्या नाहीत. तुळसाला राग होता आणि तो रास्त होता, मी मधे पडलो नाही.

तिसऱ्या दिवशी धुरपताबाईनं पेटी उघडली. एका फडक्यातून पांढरे मोड कापडाबाहेर आले होते. लाल दोऱ्याचं फडकं सोडलं तर दाणे फुगलेले, बुळबुळीत, आंबट वासाचे, आणि मोड एकालाही नाही. तिनं एक दाणा चिमटीत धरून दाबला. आतून पाणी आलं. क्षमा वगैरे कुणी मागितली नाही, तसली माणसंच नव्हती ती. धुरपताबाईनं फक्त आत तोंड करून हाक मारली, "तुळसा. उद्या गव्हाची पेरनी हाय. सरता तू धरजो."

तुळसा दारात उभी होती. आपले दोन्ही तळवे तिनं लुगड्याला पुसले, एवढंच मी पाहिलं.

आम्ही मोटारीला निघालो तेव्हा ती धावत वेशीपर्यंत आली. आईचा पदर धरला, त्यात दोन ओंजळी वाटाणा ओतला, त्याच घरचा पांढरा टपोरा, आणि गाठ मारली. "नाल्याची पट्टी रिकामी नको राहू देऊ," ती म्हणाली. "अन् याले तवा नाई दाखोला." ते मायेनं म्हणाली की टोचायला, मला आजही नक्की सांगता येत नाही. सोजरबाईनं गाठ मुठीत धरली ती इंझोरी येईपर्यंत सोडली नाही.

पोस्टात गोपीचंदचं उत्तर येऊन पडलं होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं लिहिलं होतं, 'आमच्याकडे आता दोनशेवर गावांचा वाटाणा आहे. जांभळ्या फुलाचे अकरा आहेत. त्या अकराही जातींना भुरी येते. आपल्या पट्टीतला तो एकच होता. खळ्यात, कुपाच्या बुडाशी, कुठं एखादा दाणा सांडलेला सापडला तर कळवा.' मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. आम्ही दोघांनी खळं चाळलं, कूप चाळलं, गोठ्याची माती चाळली. तुळसानं राखून ठेवलेली मूठभर सावळी तेवढी गाडग्यात होती, आणि ती कधीच उगवणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघालो तर सोजरबाई नाल्याच्या पट्टीत होती. मजुराच्या तिफणीमागं सरता धरून, पदरातली गाठ सोडून, मुलीनं दिलेलं बी ती पेरत होती. सगळं एकाच जातीचं. माघात त्याला भुरी येणार हे तिला माहीत होतं. मी धुऱ्यावर थांबलो आणि सवयीनं विचारलं, "काकू, चुलीमागं दहा दाने भिजवून पाह्यले का?"

"नाई," ती म्हणाली. "पोरीनं देल्लं हाय."